हो, आत्या

मांगेरे, ऑकलंड
रविवार, ११ ऑगस्ट २०१३

तोआकासे,

हे पत्र तू वाचशील की त्यात मासे गुंडाळशील, ते तुझं तू बघ. शेजारच्या माफीची सासू मंगळवारी तुझ्या बेटावर, वावाऊला निघाली आहे आणि तिच्या पेटीत जागा आहे, एवढ्यासाठी लिहायला बसले. फोन मी करणार नाही. गेल्या वर्षी दोनदा केला, दोन्ही वेळा तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा करायला मी काही तुझी सून नाही.

सेमिसीच्या थोरल्याच्या लग्नातलं मी विसरलेय, हे आधीच सांगते. दोन वर्षं झाली त्याला. भाऊ आपला एकच, आत्या आपण दोघी. तू तिकडे, म्हणून आत्याच्या मानाच्या चटईवर मी बसले होते. तू न कळवता विमानातून उतरलीस आणि दोनशे माणसांसमोर मला उठून बाजूला सरकावं लागलं. थोरली आत्या ती थोरली, ती आली की धाकटीने उठायचं. रीत आहे, रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण येतेय म्हणून एक फोन करायला काय झालं होतं? असो. विसरलेय म्हटलं ना.

इकडे सगळं ठीक. सकाळी इस्पितळातलं कपडे धुण्याचं काम, दुपारी घर आणि मंगळवार-गुरुवार चर्चच्या हॉलमध्ये पोरांचा अभ्यास. त्याला आता अकरा वर्षं झाली. शाळा सुटली की पोरं सरळ हॉलमध्ये येतात, चपला बाहेर, आधी प्रार्थना, मग गोड पिठाचे माझे तळलेले केके आणि मग पाटी. एक शब्द बोलायचा नाही. मी स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडली. तू पुढे शिकावीस म्हणून सोडली, हे मी कधी बोलून दाखवत नाही. पण पाढे म्हणशील तर माझ्या हॉलमधल्या पोरांसारखे अख्ख्या मांगेरेत कोणाचे नाहीत.

तर आता शाळेने एक नवं खूळ काढलंय. शाळा सुटल्यावर वाचनालयात शेवटच्या, तेराव्या इयत्तेच्या पोरांनी नवव्या-दहाव्याच्या पोरांना शिकवायचं. जोड्या लावतात, एक मोठं एक लहान. वर भाजलेला पाव आणि गरम चॉकलेटचं दूध. आणि वार कोणते निवडले असतील? मंगळवार आणि गुरुवार. अकरा वर्षं पोरांना बसायची सवय लावली मी, आणि आयत्या बिळावर हे नागोबा. चौतीस पोरं यायची, दोन आठवड्यांत एकोणीस राहिली. गुरुवारी केके उरले आणि मला ते घरी न्यावे लागले.

त्या वाचनालयातली पुढारी आहे मासेलिना नावाची एक सामोअन मुलगी. सतरा वर्षांची. डोक्यावर अंबाडा, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. चालते अशी की शाळा तिच्या बापाने बांधली. मला तिचा राग नाही. सतरा वर्षांच्या पोरीवर रागावण्याइतकी मी रिकामी नाही.

वाइमोआना मात्र अजून येते. सेमिसीची ही पोर पहिल्या रांगेत बसते, सगळ्यांच्या आधी मान हलवते. ती जाणार नाही. तिच्या जन्माच्या वेळी तू तिकडे होतीस म्हणून तिचं नाव मी ठेवलंय, आठवतं ना?

पेटीत डबाबंद मांसाचे सहा डबे आणि साबण आहे. मिळाल्याचं कळवलं नाहीस तरी चालेल.

लुसेआने


बुधवार, २८ ऑगस्ट

तोआकासे,

वाइमोआना गेली.

हॉल झाडत होते तेव्हा आली. हातात आलिसीने भाजलेला केक. तेव्हाच ओळखलं. आपली वहिनी कारणाशिवाय केक भाजत नाही.

“आत्या, मंगळवार-गुरुवारी वाचनालयात जाऊ का? गणितासाठी. मासेलिना म्हणते, माझं गणित सुधारू शकतं.”

“सुधारायला ते बिघडलंय कधी?”

“नाही आत्या.”

“मग?”

तिने केक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “जा. मला काय त्याचं? जा ना.”

आणि ती गेली, तोआकासे. खरंच गेली. आपल्या आत्याने आपल्याला ‘जा’ म्हटलं असतं तर आपण दारापर्यंत तरी गेलो असतो का? आपण तिथेच खाली बसलो असतो, डोळ्यांतून पाणी काढलं असतं आणि वर्षभर तिचे पाय चेपले असते. ही “थँक्यू आत्या” म्हणाली, माझ्या गालाला ओठ लावले आणि उड्या मारत गेली. मी तो केक खाल्ला नाही. म्हणजे एकच तुकडा खाल्ला.

काल हॉलमधल्या पोरांना लवकर सोडून मी शाळेत गेले होते. आलिसीची ताटली परत द्यायची होती आणि शाळा वाटेतच लागते. (शाळा वाटेत लागत नाही. पण तुला कुठे ठाऊक आहे इकडचा रस्ता.) वाचनालयाला मोठी काच आहे. मी काही डोकावत नव्हते, काचच एवढी मोठी की दिसतं.

आपली पोर खुर्चीवर एक पाय दुमडून बसली होती. तोंडात पाव. आणि मोठ्याने, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “थांब थांब, मला नाही कळलं. परत सांग.”

मासेलिनाने परत सांगितलं. आपली पोर म्हणाली, “अजून नाही कळलं. मी ढ आहे का गं?”

“मी दहावीत होते तेव्हा मला हेच कळायला पाच आठवडे लागले. तुझा दुसराच दिवस आहे. गप सांगते ते ऐक, ढब्बे.”

आणि दोघी हसल्या. वाइमोआना माझ्यासमोर अशी कधी हसलेली मला आठवत नाही. दात दिसत होते सगळे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारातून आत जाऊन तिला कानाला धरून घरी न्यावं असं वाटलं, आणि आत जाऊन त्या पोरींच्या मध्ये बसावं असंही वाटलं. दुसरं कोणाला सांगू नकोस.

तेवढ्यात मासेलिनाने मला पाहिलं. उठून दाराशी आली. “आंटी, आत या ना. पाव घ्या.”

“मी घरून जेवून आले.”

“तुमच्या हॉलमधली पोरं लगेच ओळखू येतात आम्हाला,” ती म्हणाली. “पाढे इतके पक्के कोणाचेच नसतात. बाकीचं थोडं बघावं लागतं, पण पाढे एकदम पक्के.”

बाकीचं थोडं बघावं लागतं! सतराव्या वर्षी मला प्रशस्तिपत्रक देतेय. मी म्हटलं, “तुझी आई कुठल्या चर्चला जाते?” तिने सांगितलं. मी नुसतं “हं” म्हटलं आणि निघाले. त्या ‘हं’चा अर्थ तिला कळला असावा, कारण ती हसायची थांबली.

मला सांग, ज्या पोरीला मी सात वर्षं शिकवलं, ती माझ्यासमोर एकदाही “नाही कळलं” म्हणाली नाही. मग तिकडे गेल्या गेल्या असं काय विसरली?

लुसेआने


रविवार, १५ सप्टेंबर

तोआकासे,

तुझी चिठ्ठी माफीच्या सासूने आणून दिली. दोन वर्षांनी बहीण लिहितेय तर निदान दोन ओळी तरी असतील म्हणून चष्मा लावून बसले. तर आत तीनच शब्द: मुलगी काय म्हणते? तुझं पहिल्यापासून असंच. आपण घसा कोरडा करायचा आणि तू शेवटी एक प्रश्न टाकून मोकळी व्हायचीस. सगळे म्हणायचे, बघा थोरली किती कमी बोलते.

मुलगी काही म्हणत नाही. मुलगी परत हॉलमध्ये येते. आपणहून आली. गेल्या मंगळवारी बघते तर पहिल्या रांगेत हजर. मी तिच्यासाठी मुद्दाम जास्त साखर घालून केके केले होते. तिने एक खाल्ला.

तू विचारलंस म्हणून मीही तिला विचारलं, “तुला इथे बरं वाटतं ना?”

“हो, आत्या.”

“कोणाच्या जबरदस्तीने नाही ना आलीस?”

“नाही, आत्या.”

झालं? मिळालं उत्तर?

आलिसी मात्र फुगलीय. मी गेले की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते. कारण असं की शाळा पुढच्या वर्षी विज्ञानाचा एक खास वर्ग काढतेय. तीस जागा. त्यातून पुढे नर्सिंगला, डॉक्टरकीला जाता येतं. पोरीला म्हणे लहानपणापासून इस्पितळातच काम करायचंय. मला कधी बोलली नाही. मी रोज पहाटे इस्पितळात जाते, मला सांगायला काय हरकत होती? मासेलिनाला सांगितलं तिने. आणि त्या वर्गाचा नियम असा की अर्ज त्यांनाच करता येतो ज्यांनी वाचनालयात जोडीदाराबरोबर गणिताचे सगळे धडे पुरे केलेत. जोडीदाराची सही लागते, बापाची लागते. मुदत १८ ऑक्टोबर. वाइमोआनाचे बारापैकी सात झालेत म्हणे.

ती मासेलिना गुरुवारी हॉलमध्ये आली होती. बगलेत फाइल. चपला बाहेर काढल्या, तेवढी रीत आहे तिला. पोरांसमोर तमाशा नको म्हणून मी तिला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. चार शब्द बोललो, एक केके दिला हातात आणि पाठवून दिलं. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

एक बघितलं मी. वाइमोआनाही आता अंबाडा घालते आणि त्यात पेन्सिल खोचते. हॉलमध्ये बसून. माझ्यासमोर. मी म्हटलं, “पेन्सिल हातात धरायची वस्तू आहे.” तिने लगेच काढली. “हो, आत्या.”

आणखी पाच धडे राहिलेत म्हणे, आणि सहाएक आठवडे... नाही, पाचच आठवडे. मला त्याचं काही नाही. मी फक्त सांगतेय.

लुसेआने


रविवार, २९ सप्टेंबर

तोआकासे,

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती आपणहून आली. ते तसं नाही.

आठ तारखेच्या रविवारी, चर्चनंतर, आम्ही सेमिसीकडे जेवायला होतो. आलिसीने लू केलं होतं, अळूच्या पानांत मटण, नारळाच्या दुधात. छान झालं होतं. आणि वाइमोआना बोलत होती. मासेलिना म्हणते अपूर्णांक म्हणजे असं, मासेलिना म्हणते प्रश्न आधी चित्रात काढायचा, मासेलिना म्हणते चूक झाली तर खोडायची नाही, बाजूला परत करायची. मी मोजलं नाही, पण पान संपेपर्यंत ते नाव मी दहा-बारा वेळा ऐकलं. माझं एकदाही नाही. माझं नाव निघालं ते कशासाठी? “आत्याला अजून मटण वाढ.”

मी ताटली खाली ठेवली. म्हटलं, “सेमिसी, या घरात माझ्या शब्दाला किंमत उरली नसेल तर तसं सांग. मी पुन्हा या उंबऱ्यावर येणार नाही.”

सेमिसीने मान खाली घातली. “ताई, असं का म्हणतेस? तू म्हणशील तसं.”

“मग पोर हॉलमध्ये येईल. वाचनालय बंद.”

“तू म्हणशील तसं, ताई.”

बापाने वर पाहिलंसुद्धा नाही. बहिणीसमोर भाऊ मान वर करत नाही, आपण त्याला तसंच वाढवलंय. आलिसी उठून आत गेली. आणि वाइमोआना... तिने रडावं, आदळआपट करावी, निदान का म्हणून विचारावं, असं मला वाटत होतं. म्हणजे मला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, “हो, आत्या.” आणि मला पाणी आणून दिलं.

मत्सर म्हणतात तो हाच, तोआकासे. मला माहीत आहे. तुला वाटत असेल मला तो फक्त तुझ्याबद्दलच येतो.

आता मासेलिनाचं सांगते. स्वयंपाकघरात ती म्हणाली, “आंटी, तिचे पाचच धडे राहिलेत. मी हॉलमध्ये येऊन शिकवू का? तुमच्यासमोर बसून?”

मी म्हटलं, “लोकांची पोरं पळवायची, वर त्यांच्याच घरात येऊन बसायचं. तुझ्या आत्याने हेच शिकवलं का तुला?”

तिचे डोळे भरले. पण बया हटली नाही. म्हणाली, “आंटी, वाइमोआना तुमच्यासमोर ‘कळलं’ म्हणते ना, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आम्ही घरी असंच करतो. मोठ्या माणसाला ‘नाही कळलं’ कसं म्हणायचं? म्हणजे त्यांना शिकवता येत नाही असं म्हटल्यासारखं होतं. माझ्यासमोर ती म्हणू शकते, कारण मी कोणीच नाही.”

केके हातात देऊन मी तिला बाहेर काढलं. उद्धट आहे, असं ठरवलं. पण ते डोक्यातून जाईना. म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. गेल्या मंगळवारी हॉलमध्ये फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित घातलं. अर्धा अधिक एक तृतीयांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि उत्तर लिहिलं दोन पंचमांश. आणि विचारलं, “कळलं?”

“हो, आंटी.” अकरा पोरं राहिलीत आता, अकराच्या अकरा माना हलल्या. पहिली मान वाइमोआनाची. तिने वहीत उतरवून घेतलं, खाली सरळ रेघ मारली. तिच्या दप्तरात वाचनालयाची वही आहे, त्यात हेच गणित महिन्यापूर्वीचं आहे, बरोबर उत्तरासकट, पाच षष्ठांश. तिला येत होतं. आणि तिने माझं चुकलेलं, सुंदर अक्षरात, उतरवून घेतलं.

अकरा वर्षं मला वाटत होतं, माझ्या हॉलमध्ये शांतता असते कारण पोरांना सगळं समजतं.

लुसेआने


सोमवार, १४ ऑक्टोबर

ताई,

खूप वर्षांनी हा शब्द लिहितेय. आधी एक खोटं निस्तरते.

ते गणित मी मुद्दाम चुकवलं नव्हतं. मला खरंच तसंच येत होतं. वरचे वर, खालचे खाली. सोळाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा जेवढं डोक्यात होतं तेवढं मी अकरा वर्षं वाटत आले. वर्ग सुटल्यावर वाइमोआनाची वाचनालयाची वही बाकावर राहिली होती, ती चाळताना ते पान दिसलं. मला वाटलं मासेलिनाने चुकीचं शिकवलंय. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. वहीत त्यांनी पावाचं चित्र काढलं होतं, सहा तुकड्यांचं. मी घरी येऊन खरा पाव घेतला आणि सहा तुकडे केले. अर्धा म्हणजे तीन तुकडे. एक तृतीयांश म्हणजे दोन. तीन आणि दोन पाच. पाच षष्ठांश. मी ते पाचही तुकडे पुन्हा पुन्हा मोजले. मग खुर्चीवर बसून राहिले. ज्या पोरांना मी गेली अकरा वर्षं हे शिकवलं ती आता कुठे कुठे असतील, असं मनात आलं.

तू म्हणशील, मग शब्द मागे घे. घेतला, ताई. सहा तारखेच्या रविवारी सेमिसीच्या घरी गेले, सगळ्यांसमोर म्हटलं, “वाइमोआना, तू वाचनालयात जा. मी सांगते, जा.”

सेमिसी म्हणाला, “तू म्हणशील तसं, ताई.” पोर म्हणाली, “हो, आत्या.”

गेले दोन आठवडे शाळेला सुट्टी होती, पण या अर्जांसाठी वाचनालय उघडं ठेवलं होतं. मी मंगळवारी हॉल उघडला तर वाइमोआना माझ्या आधी तिथे उभी. खुर्च्या मांडायला लागली.

“तू इथे काय करतेस? मी काय सांगितलं होतं?”

“मी इथेच ठीक आहे, आत्या.”

“मी रागावलेली नाहीये गं.”

“हो, आत्या.”

“अगं, खरंच जा म्हणतेय मी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळाकडे, तोंडाकडे, कुठे आठी आहे का ते शोधत. मग म्हणाली, “केके मी तळू का आज? तुमचा हात दुखतो ना.” आणि गुरुवारीही तेच.

मी आलिसीकडे गेले. पहिल्यांदाच तिच्या स्वयंपाकघरात मी स्वतःहून खाली बसले. म्हटलं, तू तरी समजाव तिला. आलिसीने भांडं घासता घासता, माझ्याकडे न बघता सांगितलं, “काय समजावू, ताई? मागच्या वेळीसुद्धा तुम्ही ‘जा’च म्हणाला होतात. ती गेली, आणि तुम्ही जेवणावरून उठायची भाषा केलीत. आता तुम्ही दहा वेळा जा म्हणा. तिला वाटतं, तुम्ही बघताय ती जाते का ते.” मग भांडं पालथं घालून म्हणाली, “मलाही तसंच वाटत होतं.”

माझा शब्द या घरात इतका चालतो की तो आता मलाही मागे घेता येत नाही.

मासेलिनाकडेही गेले, आज दुपारी, शाळा सुटल्यावर; मुदतीमुळे या आठवड्यात वाचनालय रोज उघडं आहे. काचेतून नाही, दारातून. तिला म्हटलं, माझं चुकलं. ती इतकी घाबरली की उभीच राहिली. म्हणाली, “आंटी, असं नका म्हणू, मला आई मारेल.” पोरीला गुरुवारच्या आत पाठवता येणार नाही म्हटलं, तर म्हणाली, पाच धडे एका बैठकीत होणार नाहीत, पण गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मिळून होतील. तिची स्वतःची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, तरी बसेन म्हणाली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या कोणाला का दिली नाहीस, म्हणून विचारलं. म्हणे, “ती वाइमोआनाची आहे.” मला परत जळायला झालं, ताई. आता, इतकं सगळं होऊनही. माझी भाची एक महिना गेली नाही तरी कोणीतरी तिची खुर्ची राखून बसलंय. मी तिला रोज समोर बसवते आणि तिला काय व्हायचंय ते मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हतं.

तर आता मागणं मागते. माझ्या शब्दाच्या वर या घरात एकच शब्द आहे. तुझा. थोरल्या आत्याने सांगितलं की धाकटीच्या बोलण्याचा अर्थ कोणी लावत बसत नाही, तोंड कोणी निरखत नाही. पोर एका क्षणात उठेल. मी फोन करणार होते, आकडे दाबलेसुद्धा, पण तुझा आवाज आला असता तर मी पुन्हा भांडले असते, मला माझी खात्री नाही. आणि तू उचलला नसतास तर आणखी एक दिवस गेला असता. माफीचा दीर उद्या निघतोय, बुधवारी पत्र तुझ्या दारात आणून देईल. त्याला मी बजावलंय, हातात दे, आणि वाचेपर्यंत तिथून हलू नकोस.

शुक्रवारी दुपारी तीनला मुदत संपते. गुरुवारी सकाळी, पोर शाळेला निघायच्या आत, सेमिसीच्या घरी फोन कर. सेमिसीशी बोलू नकोस, तो नुसता हो म्हणेल. पोरीला बोलाव. माझं नाव काढू नकोस, मी लिहिलंय असंही सांगू नकोस, नाहीतर ती पुन्हा माझ्या कपाळाकडे बघत बसेल. लुसेआने काय म्हणते ते सोड, थोरली आत्या सांगतेय, वाचनालयात जा, एवढंच म्हण. हवं तर माझ्यावर रागावल्यासारखं कर. तुला ते जमेल.

आणि तुझ्या एका शब्दावर ती कशी धावत गेली, ते मला कधीच सांगू नकोस.

लुसेआने